परवाना परत देणारी शाळा

बैलगाडी हांकण्याचें शिक्षण शेतकऱ्याच्या मुलानें कोणत्याही शाळेंत घेतलें नाहीं. बापाच्या शेजारीं बसून कासरा हातीं धरतां धरतां तें त्यास येत असे. आणि त्याची कांहीं चूक झालीच, तर बैल आपला जीव सांभाळतांना गाडीही सांभाळीत. ट्रॅक्टर व मोटारसायकल यांची गोष्ट निराळी. यंत्रास डोळे नाहींत आणि जिवाची भीतिही नाहीं. तरीसुद्धां हीं वाहनें आपल्यापैकीं पुष्कळजण बैलगाडीच्याच रीतीनें, दुसऱ्याचें पाहून, शिकले आहेत. त्यामुळें वाहतूक पोलिसानें चलन केलें म्हणजे पैशाचा तोटा झाला, एवढाच अर्थ आपण घेतों. दंड भरला कीं हिशेब मिटला असें मानून दुसऱ्या दिवशीं वाहन पूर्वीप्रमाणेंच हांकलें जातें.

हा हिशेब नुसत्या दंडावर मिटेलच असें नाहीं, हें आमच्या शेतकरी बंधूंनीं ध्यानांत घ्यावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें कांहीं ठराविक गुन्ह्यांत चालकाचा परवाना ताब्यांत घेऊन तो परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवावा असें ठरविलें. अतिवेग, धोकादायक रीतीनें हांकणें, दारू पिऊन हांकणें, शर्यत लावणें, नादुरुस्त वाहन रस्त्यावर आणणें, दुचाकीवर तिघांनीं बसणें, हेल्मेट न घालणें आणि रुग्णवाहिकेस वाट न देणें, हे ते गुन्हे होत. हांकतांना मोबाइल हातांत धरणें हेंही धोकादायक हांकण्यांतच मोडतें. चालकाचें म्हणणें ऐकून घेतल्यावर अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांची अपात्रता व पुढच्या गुन्ह्यास परवाना रद्द, अशी शिक्षा सांगितली आहे. शिवाय तीन महिने संपले म्हणून परवाना आपोआप हातीं पडत नाहीं. चालकानें उजळणी प्रशिक्षण यशस्वीपणें पुरें केलें तरच तो परत द्यावा, अशी अट त्याच दुरुस्तीनें घातली.

शहरांतील नोकरदारास ही शिक्षा गैरसोयीची वाटेल. खेड्यांतील शेतकऱ्याचा तिच्यामुळें हंगाम बुडूं शकतो. उसाचा गळीत हंगाम चार-पांच महिन्यांचा. त्यांतले तीन महिने परवाना अडकला, तर ट्रॅक्टर दारांत उभा राहतो आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं. प्रशिक्षणाची शाळा बहुधा तालुक्याच्या नाहींतर जिल्ह्याच्या गांवीं. मोटारसायकलवरून तेथें जावें तर परवाना नाहीं, आणि अपात्र असतां वाहन हांकल्यास १०,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असें २०१९ च्या दुरुस्तीनें ठरविलें. म्हणजे एस.टी.ची वाट पाहणें आलें व दिवसाचें काम बुडविणें आलें. अशा वेळीं एजंटास चार पैसे देऊन नुसता दाखला मिळवावा असा मोह होतो. तो आवरलेला बरा. दाखल्यानें परवाना सुटेल, पण उतारावर ट्रॉली थांबणार नाहीं.

अशा शाळेची कल्पना परदेशांतही रूढ आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यांत किरकोळ नियमभंगाबद्दल चलन झालेल्या चालकास दंड व शुल्क भरून वाहतूक-शाळेंत बसण्याची मुभा मिळते. शाळा पुरी केली म्हणजे त्याच्या नोंदींतील दोषांक विमा कंपनीपासून झांकला जातो. ही मुभा १८ महिन्यांतून एकदांच असते, आणि शाळा घरबसल्या संगणकावरही पुरी करतां येते. दूरच्या शेतमळ्यावर राहणाऱ्यास ही सोय मोठीच. तेथें शाळा ही सवलत आहे व आपल्याकडे ती अट आहे. परंतु मुळाशीं विचार एकच कीं, दंडानें खिसा हलका होतो, हात शिकत नाहीं.

हात शिकण्याची गरज किती आहे, हें केंद्र सरकारच्या परिवहन खात्याच्या अहवालावरून दिसेल. २०२२ सालीं देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांतले सुमारे दोन-तृतीयांश मृत्यु ग्रामीण भागांतले होते, आणि मेलेल्यांत दुचाकीस्वार शेंकडा ४४ होते. रस्त्यावरचीं चिन्हें व पाट्या सर्वांनींच शिकाव्यात. पण शेतकऱ्याच्या उपयोगाचे धडे थोडे निराळे आहेत. ते आम्ही येथें संक्षेपानें देतों.

पहिला धडा ट्रॅक्टरच्या ब्रेकचा. बांधापाशीं जागच्या जागीं वळतां यावें म्हणून ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकास निराळे ब्रेक दिलेले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वीं ते दोन्ही कडीनें एकत्र जोडलेच पाहिजेत. वेगांत असतां एकाच बाजूचा ब्रेक दाबला गेला, तर ट्रॅक्टर त्या अंगास खेंचला जाऊन उलटण्याचा धोका असतो.

दुसरा धडा ट्रॉलीचा. बहुतेक ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात. मागच्या साऱ्या वजनाचा रेटा ट्रॅक्टरवर येतो. म्हणून डिझेल वांचविण्यासाठीं उतारावर न्यूट्रल करणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. ज्या गिअरनें चढ चढावा त्याच गिअरनें उतरावें. भार बेसुमार भरला, तर ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें हलकीं होऊन स्टिअरिंग हातांत राहत नाहीं. मर्यादेबाहेर भार भरल्यास, किंवा तो वाहनाच्या बाहेर आडवा निघाल्यास, २०,००० रुपये दंड २०१९ सालीं ठरला, तो याच कारणानें रास्त वाटतो.

तिसरा धडा अंधाराचा. ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारी मोटारसायकल सेकंदास सुमारे १७ मीटर जाते. पुढें कांहीं आहे हें उमजून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर अंतर संपलें. कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबावयास आणखी सुमारे २० मीटर लागतात, आणि रस्ता ओला असेल तर याहून अधिक. उसाच्या मोळ्यांनीं मागचा दिवा झांकलेला, पाचटाचा रंग काळोखांत मिसळलेला, अशी उभी ट्रॉली ४५ मीटरांवरून कोणास दिसावी? रिफ्लेक्टरची पट्टी व चालू दिवा यांस खर्च थोडा लागतो, आणि त्यांच्या अभावीं ज्याची चूक नव्हती तो मरतो. पंक्चर झालेल्या ट्रॉलीभोंवतीं दगड मांडून, काम झाल्यावर ते रस्त्यावर तसेच टाकून जाण्याची चालही सोडली पाहिजे.

चौथा धडा वडील मंडळींचा. अज्ञान मुलाच्या हातीं गाडी दिल्यास, ती आपल्या नकळत किंवा खबरदारी घेऊनही नेली गेली असें सिद्ध करतां आलें नाहीं तर, पालक किंवा मालक दोषी धरला जावा, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड व्हावा, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत शिकाऊ परवाना मिळूं नये, असें २०१९ च्या दुरुस्तीनें ठरविलें. पोरगा लवकर तयार झाला याचें कौतुक करणाऱ्यांनीं हें वाचून ठेवावें.

हे धडे घेण्यासाठीं परवाना जाण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. कारखाने हंगामापूर्वीं ऊस वाहतुकीचे करार करतात. सहीच्या दिवशींच ट्रॅक्टरवाल्यांचा एक वर्ग भरवावा, व दिवे आणि ब्रेक पाहिल्यावांचून ट्रॉली फडावर पाठवूं नये. परिवहन कार्यालयाचीं शिबिरें तालुक्याच्या गांवीं भरतात. विकास सोसायट्यांनीं एकत्र येऊन मागणी केली, तर तेथील अधिकारी एखाद्या दिवशीं गांवींही येऊं शकतील. परवाना गेल्यावर शाळेंत बसणाऱ्यास तीन महिने मोजावे लागतात. परवाना हातीं असतां बसणाऱ्यास एक दिवस पुरतो. येत्या हंगामांत ट्रॉली जोडण्यापूर्वीं तो एक दिवस आमच्या वाचकांनीं काढावा, अशी आमची विनंति आहे.