हापूसची कोय आणि पनवेलचा भात

हापूसची कोय परसात रुजवली, वर्षानुवर्षं वाट पाहिली, तरी झाडाला हापूसच धरेल याची खात्री नाही. कोयीतला गर्भ लैंगिक प्रजननातून येतो. आई ठाऊक असते, पण पराग कोणत्या झाडाचा, हे मोहोरावरच्या माश्या ठरवतात.

म्हणून कोकणात कलम. कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात. तिच्या पेशी साध्या विभाजनाने वाढतात आणि मूळ झाडाचीच प्रत उभी राहते. चव टिकते, पण गरातला ‘साका’ हा दोषही पिढ्यान्‌पिढ्या सोबत येतो. तो दोष काढायचा तर पुन्हा फुलाकडेच जावं लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून 1981 मध्ये ‘रत्ना’ दिला. त्यात साका होत नाही. मग त्या रत्नाचीही कलमंच बांधतात!

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचं पीक वेगळं: खाऱ्या जमिनीत तग धरणारा भात. ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’, ‘पनवेल 3’ ही वाणं याच गावाच्या नावाची. भाताच्या एकाच फुलात सहा पुंकेसर आणि स्त्रीकेसर असतात आणि परागण बहुधा फूल उमलताना आतल्या आतच उरकतं. त्यामुळे प्रजनन लैंगिक असूनही सरळ वाणाचं बी शेतकऱ्याला घरी राखता येतं. संकर करायचा तर मात्र संशोधकांना चिमट्याने ते सहाही पुंकेसर आधीच काढावे लागतात.

सगळ्यात नवल केरळच्या ओलूर आंब्याचं. त्याच्या एकाच कोयीतून अनेक रोपं फुटतात आणि त्यातली बहुतेक फलनाशिवाय, आईच्याच पेशींपासून झालेली असतात.