साहेबांचा मेल आणि गावाचं काम

जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर नशिराबाद लागतं. वर्षानुवर्षं इथे ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. ग्रामपंचायतीच्या काळात कुठला कागद कुठे सापडतो हे गावकऱ्याला ठाऊक असायचं. आवक-जावक रजिस्टर, ठराव बुक, ग्रामसेवकाच्या कपाटातली फाइल. आज सरकारी कार्यालयांचा बराचसा पत्रव्यवहार मेलवर होतो. जिल्हाधिकारी कार्यालयाची सूचना, ठेकेदाराचं स्मरणपत्र, लोकप्रतिनिधीच्या स्वीय सहायकानं पाठवलेली शिफारस, सगळं कुणाच्या ना कुणाच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडतं. कपाट निदान डोळ्यांना दिसायचं. इनबॉक्स दिसत नाही, म्हणून तो आपला नाहीच असं लोक धरून चालतात, आणि माहिती द्यायची नसलेल्या अधिकाऱ्याला तेच हवं असतं.

“भाऊ, मेल म्हणजे साहेबांचा खासगी मामला. माहिती अधिकारात तो मिळत नाही.”

हा गैरसमज सर्वांत जुना, आणि तो खोडायला कायद्याचं एक वाक्य पुरतं. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(च) मध्ये ‘माहिती’ म्हणजे काय याची यादी आहे. अभिलेख, दस्तऐवज, ज्ञापनं, अभिप्राय, परिपत्रकं, करार या रांगेत ‘ई-मेल’ हा शब्द स्पष्ट छापलेला आहे. नंतर कुणी अर्थ काढून तो घुसवलेला नाही, पहिल्या दिवसापासून तो तिथे आहे. त्याच कायद्यानुसार माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात किंवा प्रिंट काढूनही मागता येते. त्यामुळे “मेलची झेरॉक्स कशी देणार?” या प्रश्नात काही दम नाही.

महाराष्ट्राला तर हे नव्यानं सांगावं लागू नये. केंद्राचा कायदा येण्याआधी, २००२ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यानं राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा लागू झाला होता.

“खासगी जीमेलवरून पाठवलं की सुटलं.”

हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त घातक. २० मार्च २०२१ ची घटना आठवा. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांचं तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर दरमहा १०० कोटींच्या वसुलीचा आरोप करणारं पत्र मुख्यमंत्री कार्यालयाला मिळालं ते मेलनं. हा मेल अधिकृत पत्त्यावरून आलेला नाही, त्यावर सही नाही, त्यामुळे पडताळणी सुरू आहे, असं मुख्यमंत्री कार्यालयानं तेव्हा जाहीर केलं. पत्र आपलंच असल्याचं सिंह यांनी सांगितलं. ५ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयानं सीबीआयला प्राथमिक चौकशीचे आदेश दिले आणि त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. आरोप खरे की खोटे हा वेगळा विषय. मेल खासगी पत्त्यावरून आला म्हणून त्यातला मजकूर खासगी झाला नाही, एवढंच इथे लक्षात घ्यायचं. कार्यालयाच्या इनबॉक्समध्ये आलेला मेल कार्यालयाचा अभिलेख असतो, मग पाठवणाऱ्यानं तो कुठल्याही खात्यावरून पाठवलेला असो.

अडचण येते ती दोन्ही टोकांना खासगी खाती असली तेव्हा. मंत्र्याच्या जीमेलवरून सल्लागाराच्या जीमेलला गेलेला मेल कार्यालयाच्या सर्व्हरवर नसतो, आणि कायदा बोलतो ते सार्वजनिक प्राधिकरणाकडे किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असलेल्या माहितीबद्दल. ही पळवाट बंद व्हावी म्हणून केंद्र सरकारनं २०१५ मध्ये ई-मेल धोरण अधिसूचित केलं आणि सरकारी कामासाठी सरकारी मेलसेवाच वापरायचं बंधन घातलं. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्यानंतर त्याला गती आली होती. ब्रिटनमध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांच्या प्रकरणात तिथल्या माहिती आयुक्तांनी २०१२ मध्येच निर्णय दिला, की खासगी खात्यावरून सरकारी काम केलं असेल तर तो मेलही माहितीच्या कायद्याखाली येतो. अमेरिकेत अलास्का राज्यानं जून २०११ मध्ये माजी गव्हर्नर सारा पेलिन यांच्या मेलची २४ हजारांहून अधिक पानं लोकांसाठी खुली केली. त्यांनी सरकारी कामासाठी याहूचं खातंही वापरलं होतं. आपल्याकडे याबाबत इतका स्वच्छ नियम व्हायला हवा. खातं कुणाचं यापेक्षा काम कुणाचं हे पाहिलं, तर ही पळवाट उरणार नाही.

“आमदार लोकांचा, म्हणजे त्याच्या फोनमधलं सगळं लोकांचं.”

हे दुसरं टोक. चौकातल्या गप्पांत ते ऐकायला बरं वाटतं, कायद्यात बसत नाही. आमदार हा माणूस म्हणून सार्वजनिक प्राधिकरण नाही. त्याच्या घरी जन माहिती अधिकारी बसलेला नसतो. त्याच्या आजारपणाचे कागद, मुलीच्या लग्नाची बोलणी, वकिलाशी केलेली सल्लामसलत यांवर मतदाराचा हक्क नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमतानं सांगितलं. निवडून आलेला माणूस त्यातून वगळलेला नाही.

पण त्यानं कामासाठी जे लिहिलं ते ज्या कार्यालयात पोचलं, तिथून ते मिळतं. उदाहरण नशिराबादचंच घेऊ. गल्लीतला रस्ता आमदार स्थानिक विकास निधीतून झाला. राज्यात हा निधी आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. कामाची शिफारस आमदार करतो, ती जाते जळगावला जिल्हा नियोजन अधिकारी कार्यालयात. तिथून प्रशासकीय मान्यता, मग काम करणाऱ्या यंत्रणेला पत्र, मग अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, देयक. या प्रत्येक पायरीवर मेल असू शकतो. आमदाराच्या फोनला हात न लावता हा सगळा माग एका अर्जात काढता येतो, कारण अर्ज आमदाराकडे करायचाच नसतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारानं भरायच्या नमुना २६ मधल्या शपथपत्रात दूरध्वनी क्रमांक, ई-मेल आणि समाजमाध्यमांवरची खाती लिहायला रकाना आहे. संपत्ती, कर्ज आणि गुन्हेगारी प्रकरणं जाहीर करायची सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे आली. म्हणजे उमेदवाराचा मेलचा पत्ताही जाहीर, त्याची मालमत्ताही जाहीर, पण त्याच्या इनबॉक्सची चावी मतदाराला मिळत नाही. ही रेघ मला योग्य वाटते.

“संबंधितानं हरकत घेतली, त्यामुळे माहिती नाकारली.”

हे छापील उत्तर अनेकांच्या घरात पडून असेल. कलम ११ नुसार, त्रयस्थ व्यक्तीनं गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करायची झाली तर जन माहिती अधिकारी त्या व्यक्तीला पाच दिवसांत नोटीस देतो आणि तिला म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. म्हणणं ऐकायचं, विचारात घ्यायचं, निर्णय मात्र अधिकाऱ्यानंच कारणं देऊन करायचा. हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे.

“आता कायदाच बदलला. ‘वैयक्तिक’ म्हटलं की विषय संपला.”

इथे थांबून नीट पाहायला हवं, कारण बदल खरोखर झाला आहे आणि तो चांगला नाही.

कार्यकर्ते ज्याला ‘आठ-एक-जे’ म्हणतात ते कलम ८(१)(ञ) मुळात तोलून लिहिलेलं होतं. वैयक्तिक माहिती नाकारायची असेल तर तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसावा, किंवा ती दिल्यानं एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण व्हावं. तरीही व्यापक जनहित असेल तर ती द्यावी. शिवाय संसदेला किंवा विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारू नये, अशी सुरेख जोड होती. २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सरकारी कर्मचाऱ्याला दिलेल्या नोटिसा, त्याच्यावरची शिक्षेची कारवाई आणि मालमत्तेचा तपशील वैयक्तिक ठरवला. ते प्रकरण अकोल्यात नोकरी केलेल्या एका अधिकाऱ्याबद्दलचं होतं. त्या निकालापासून या कलमाचा ढालीसारखा वापर वाढला.

मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम ४४(३) नं हा सगळा तोल काढून फक्त ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच ठेवलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती लागू झाली. प्रत्येक मेलवर कुणाचं तरी नाव असतंच, मग प्रत्येक मेल वैयक्तिक म्हणून नाकारता येईल, ही भीती अनाठायी नाही. नागरिकाचा डेटा कंपन्यांपासून वाचवायला निघालेल्या कायद्यानं सत्तेच्या कागदांवर पडदा टाकला, याचा मला राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

तरीही विषय संपलेला नाही. कलम ८(२) जागेवर आहे. माहिती उघड करण्यातलं जनहित संरक्षित हिताच्या हानीपेक्षा मोठं असेल तर अपवादात बसणारी माहितीसुद्धा देता येते, असं ते सांगतं. कलम १० सुद्धा आहे. मेलमध्ये कुणाचा फोन नंबर, घरचा पत्ता, आजाराचा उल्लेख असेल तर तेवढा भाग झाकून उरलेला मेल द्यायचा. यापुढे प्रत्येक अर्जात आणि अपिलात ही दोन कलमं नावानिशी लिहायला हवीत.

झाकण्याचं हे काम किरकोळ समजू नये. लोकप्रतिनिधीच्या इनबॉक्समध्ये सगळ्यात जास्त दुःख असतं ते सामान्य माणसाचं. दवाखान्याच्या बिलासाठी मदत मागणारा बाप, सासरच्या छळाची तक्रार करणारी बाई, कर्जापायी खचलेला केळीवाला शेतकरी. फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश यांनी २०१५ मध्ये आपले मेल मोठ्या अभिमानानं जाहीर केले आणि त्यात नागरिकांचे सामाजिक सुरक्षा क्रमांकही उघडे पडले. त्यांना नंतर ती माहिती काढावी लागली. नेत्याचा कारभार उघडा करताना दारात आलेल्या माणसाची अब्रू उघड्यावर आणायची नाही.

“कसाही हाती लागो, नेत्याचा मेल बाहेर आला की लोकशाही जिंकली.”

नाही. पेलिन यांचंच याहू खातं २००८ मध्ये एका विद्यार्थ्यानं फोडलं होतं, त्याला शिक्षा झाली. तीन वर्षांनी अलास्का राज्यानंच कायद्याच्या वाटेनं हजारो पानं दिली. आपल्याकडे दुसऱ्याचं खातं फोडणं हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली गुन्हा आहे, खातं नगरसेवकाचं असो की शेजाऱ्याचं.

चोरून पाहण्या-ऐकण्याचा हा विषय खानदेशाला दुरूनच माहीत आहे असं नाही. मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे यांचा फोन २०१९ मध्ये बेकायदा टॅप केल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये मुंबईत कुलाबा पोलीस ठाण्यात आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा दाखल झाला. खटला चालवायला राज्य सरकारनं मंजुरी दिली नाही आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो गुन्हा रद्द केला. न्यायालयात त्याचा निकाल असा लागला. पण फोन ऐकण्याचे नियम यानिमित्तानं माहीत करून घ्यावेत. १९९६ च्या पीयूसीएल निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आदेश गृहसचिवाच्या पातळीवरूनच निघावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, एकूण मुदत सहा महिन्यांच्या पुढे जाऊ नये आणि पुनर्विलोकन समितीनं तो तपासावा. सत्तेनं चोरून ऐकणं आणि नागरिकानं दहा रुपये भरून उघड विचारणं यांना एकाच मापानं मोजता येत नाही. पहिल्यात खासगीपणाचा बळी जातो, दुसऱ्यात उत्तरदायित्व मागितलं जातं.

“डिलीट केलं, आता काय मिळणार?”

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार सरकारी अभिलेख बेकायदा नष्ट करणं हा शिक्षापात्र गुन्हा आहे. “फाइल सापडत नाही” हे माहिती नाकारण्याचं कारण कलम ८ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

आता प्रत्यक्ष अर्जाचं. “सर्व मेल द्या” असं लिहू नका, तो अर्ज टिकत नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. कामाचं नाव, कार्यालय आणि कालावधी लिहा: अमुक रस्त्याच्या कामाबाबत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आलेला व पाठवलेला पत्रव्यवहार, ई-मेल व त्यांच्या जोडपत्रांसह. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तुमच्या बाजूनं आहे. घरचा पत्ता द्यायची भीती वाटत असेल तर पोस्ट बॉक्स क्रमांकही चालावा, असं कलकत्ता उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं आहे. ती भीती खोटी नाही. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्या कार्यालयाचं काम आहे.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा ‘वैयक्तिक’ म्हणून नकार आला तर त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला शुल्काचा स्टॅम्प लावायला विसरू नका. तिथेही न्याय मिळाला नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. तिथे वेळ लागतो, रांग मोठी आहे. तरी नशिराबादच्या, वरणगावच्या, धरणगावच्या माणसानं अपील सोडू नये. दोष ठरला तर जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५ हजारांपर्यंत दंड होतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून जातो.