शर्यतीच्या मोटारीच्या चाकांतील वंगण

बैलगाडीच्या आंसाला वंगण घालावें लागतें, हें आपणांस नव्यानें सांगावयास नको. मोटारीच्या चाकालाही तें लागतें. परंतु तुंब्याच्या पोटांत झांकलेलें असल्यामुळें तें डोळ्यांआड राहतें, आणि पुष्कळदां मालकाच्या विस्मृतींतही जातें. नेहमींच्या रस्त्यावर ही विस्मृति बरेच दिवस खपते. शर्यतीच्या मार्गावर मात्र ती एका दुपारींच महाग पडते.

जर्मनींत आयफेलच्या डोंगरांत न्यूर्बुर्गरिंग नांवाचा शर्यतीचा मार्ग १९२७ सालीं खुला झाला. त्याचा उत्तरेकडील वळसा २० किलोमीटरांहून कांहींसा अधिक असून त्यांत सुमारें ३०० मीटरांचा चढउतार आहे. ठराविक दिवशीं शुल्क भरून सामान्य मोटारवाल्यासही तेथें आपली गाडी नेतां येते. अशा हौशी मंडळींत १९७० च्या दशकांतील पोर्शे ९११ ही गाडी फार प्रिय. तिच्या पुढच्या प्रत्येक चाकांत निमुळत्या रोलरांचीं दोन बेअरिंगें असतात. तीं काढून, धुऊन, त्यांत नवें ग्रीस भरतां येतें. आणि येथेंच प्रश्न उभा राहतो कीं, ग्रीस घ्यावें तरी कोणतें?

गाडी वेगानें धांवते म्हणून बेअरिंग तापतें, असा पुष्कळांचा समज असतो. आपण हिशेबच करूं. ताशीं १८० किलोमीटर म्हणजे सेकंदास ५० मीटर. टायरचा परीघ सुमारें २ मीटर. तेव्हां चाक सेकंदास २५, म्हणजे मिनिटास १,५०० फेरे घेतें. आपल्या स्वयंपाकघरांतील मिक्सर याच्या कितीतरी पट अधिक फिरतो. खरी उष्णता येते ती ब्रेकांतून. १,२०० किलोग्रॅम वजनाची गाडी वळणापूर्वीं ताशीं १८० वरून ७२ किलोमीटरांवर आणली, तर साडेबारा लाख जूलांहून अधिक शक्तीचें उष्णतेंत रूपांतर होतें. २५ अंश सेल्सिअसवरील चार लिटर पाण्याला उकळी फुटावी एवढी ही उष्णता, आणि ती अवघ्या चारपांच सेकंदांत! एका फेरींत हा प्रकार अनेकदां घडतो. ब्रेकची चकती तुंब्यालाच जोडलेली. तिची उष्णता धातूंतून हळूहळू बेअरिंगाकडे सरकते. गाडी एकदम उभी केली तर वाऱ्याचा झोत थांबतो आणि हें सरकणें अधिकच होतें. म्हणून जाणते लोक शेवटची फेरी सावकाश, ब्रेक जवळजवळ न दाबतां घेतात.

आतां ग्रीस म्हणजे काय तें पाहूं. स्पंजांत पाणी राहावें तसें धातूच्या साबणांत तेल राहतें. वंगणाचें काम तेल करतें, साबण त्याला धरून ठेवतो. चुन्याच्या साबणाचें जुनें ग्रीस १०० अंशांच्या आसपासच ढासळत असे. १९४२ सालीं अमेरिकेंत क्लॅरन्स अर्ल यांना लिथियमच्या ग्रीसचें पेटंट मिळालें आणि ही मर्यादा १८० अंशांच्या पुढें गेली. आज डब्यावर ‘लिथियम कॉम्प्लेक्स’ असें लिहिलेलें असतें, त्याची मर्यादा बहुधा २६० अंशांच्या वर असते. या अंशाला आपण गळणबिंदु म्हणूं. कारण तेथें ग्रीस पातळ होऊन त्याचा पहिला थेंब खालीं पडतो.

विक्रेते हाच आंकडा ठळक छापतात, आणि माझ्या मतें तोच सर्वांत फसवा आहे. गळणबिंदु साबणाची सहनशक्ति सांगतो, तेलाची नव्हे. चिकणमातीवर बनविलेलें ग्रीस तर गळतच नाहीं. पण आंतलें तेल जळून गेलें कीं उरते ती निव्वळ माती! उष्णमान १५ अंशांनीं वाढलें कीं ग्रीसचें आयुष्य निम्म्यावर येतें, असा बेअरिंग करणाऱ्यांचा ढोबळ नियम आहे. म्हणून तेलाची चौकशी आधीं करावी. ४० अंशांस ज्याचा दाटपणा २२० सेंटिस्टोक आहे, असें खनिज तेल १०० अंशांस १९ च्या आसपास उतरतें. त्यापुढें तें रोलरांमध्यें पडदा धरूं शकेल किंवा नाहीं, ही शंकाच. कृत्रिम तेल त्या मानानें कमी पातळ होतें आणि जळण्यासही अधिक वेळ घेतें. शर्यतीसाठीं असलें दाट कृत्रिम तेल आणि लिथियम कॉम्प्लेक्स ही जोडी मी पसंत करीन. डब्यावर ‘जी सी–एल बी’ ही खूण असावी. त्यांतील ‘जी सी’ ही चाकाच्या बेअरिंगांसाठींची सर्वांत वरची श्रेणी होय. घट्टपणाचा क्रमांक २ असावा.

रंगावर मात्र मुळींच जाऊं नये. तांबडें, निळें, हिरवें, हा सारा रंगाऱ्याचा खेळ. काळें, मॉलिब्डेनम घातलेलें ग्रीस घासत सरकणाऱ्या सांध्यांना उत्तम. गडगडणाऱ्या रोलरांना त्याचा विशेष लाभ नाहीं.

याहून मोठा धोका मिसळीचा. लिथियम आणि चिकणमाती, किंवा लिथियम आणि पॉलियुरिया, अशीं दोन चांगलीं ग्रीसें एकत्र आलीं कीं पुष्कळदां दोघांचीही बांधणी मोडते आणि पातळ झालेला गोळा सीलमधून बाहेर पडतो. तो ब्रेकच्या चकतीवर गेला तर पुढच्या वळणाला काय होईल, हें सांगावयास नको. यास्तव जुनें ग्रीस रॉकेलनें पूर्ण धुवावें, बेअरिंग चांगलें वाळवावें आणि मगच तळहातावर नवें घेऊन रोलरांच्या रुंद बाजूनें दाबून भरावें. बेअरिंग पूर्ण भरावें, पण तुंब्याची पोकळी एकतृतीयांश ते निम्मीच; अधिक भरलें तर तें घुसळलें जाऊन स्वतःच तापतें.

आजच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग कारखान्यांतूनच भरून बंद केलेलें येतें. तेथें ग्रीस निवडण्याचा प्रश्नच उरत नाहीं. शर्यतीच्या दिवसानंतर चाक उचलून हातानें हलवून पाहावें, फिरवून कान द्यावा. घरघर ऐकूं आली किंवा चाक डगमगलें, तर सबंध तुंबाच बदलावा.