पुलगावचा दारूगोळा डेपो: कुंपणाबाहेरून अभ्यास कसा करायचा?

लष्कराचा अभ्यास म्हणजे फक्त लढाया आणि सेनापती नव्हेत. देशातलं सर्वांत मोठं दारूगोळा भांडार आपल्या वर्धा जिल्ह्यात, पुलगावला आहे. आत जाता येत नाही, तरी अभ्यासाच्या वाटा आहेत.

📌 सरकारी कागद: लष्कराच्या दारूगोळा व्यवस्थापनावरचा ‘कॅग’चा २०१५ चा अहवाल आणि संसदेतली प्रश्नोत्तरं सगळ्यांना खुली आहेत. माहिती अधिकारात मात्र कलम ८ दाखवून सुरक्षेची माहिती नाकारली जाऊ शकते.

📌 वर्तमानपत्रं: ३१ मे २०१६ ला डेपोत लागलेल्या आगीत मृतांचा आकडा सुरुवातीला बदलत गेला. म्हणून एकाच कात्रणावर विसंबू नका, तारखेनुसार लावून ताडून बघा.

📌 तोंडी इतिहास: २० नोव्हेंबर २०१८ ला डेपोच्या परिसरात सोनेगाव (आबाजी)जवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यात कंत्राटी मजूरही होते. अशा मजुरांची रोजी, ठेकेदार, जोखीम हे सगळं त्यांच्या घरच्यांकडूनच कळतं. आधी संमती घ्या, नावं गुप्त ठेवा.

📌 जमीन: डेपोभोवतीच्या जमिनींचे सातबारा आणि जुने फेरफार पाहा. संरक्षण कामांच्या १९०३ च्या कायद्याने अशा ठिकाणांभोवतीच्या बांधकामावर निर्बंध घालता येतात.

⚠️ डेपोचे फोटो, नकाशे, ड्रोन यांच्या भानगडीत पडू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे.

पुलगाव, देवळी भागातल्या कुणाकडे २०१६ ची कात्रणं असतील तर जपून ठेवा, मागे तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव लिहून.