माळावरच्या लांडग्याची वंशावळ

आष्टी तालुक्यातल्या एका माळावर मेंढपाळाच्या तळाशी बसलो होतो. पहाटे वाघरीतले एक कोकरू गेले होते. तळावरचे मामा साठीच्या पुढचे, जन्म माळावर काढलेला. ते म्हणाले, "साहेब, दोन जनावरं हुती. एक लांडगा, त्यात शंका न्हाई. दुसरं निम्मं कुत्र्यावानी. रंगानं पिवळट, शेपूट वर. त्याला काय म्हनायचं ते तुम्हीच सांगा."

प्रश्न साधा वाटला तरी साधा नव्हता. लांडग्याने मेंढरू मारले तर वनखाते पंचनामा करून भरपाई देते. भटक्या कुत्र्याने मारले तर काही मिळत नाही, कारण कुत्रा हा वन्य प्राणी नव्हे. मग निम्म्याचे काय? अर्जात त्यासाठी रकाना नाही. आणि जीवशास्त्राच्या माणसाला जर कोणी विचारले की, लांडगा आणि कुत्रा यांच्यातली रेघ नेमकी कोठे ओढायची, तर त्यालाही पटकन उत्तर देता येत नाही. ते का, हे समजण्यासाठी आधी या लांडग्याची वंशावळ पाहावी लागेल.

बीड जिल्ह्याचे बालाघाटच्या रांगेने दोन भाग पडतात. उत्तरेला गोदेच्या काठची काळी, सखल जमीन आणि दक्षिणेला उंच पठार. आष्टी, पाटोदा, शिरूर, केज हे तालुके या दुसऱ्या भागात मोडतात. पाऊस बेताचा, माती वीतभर, तिच्याखाली काळा पाषाण. कुसळी गवत आणि मधूनमधून बोर-बाभूळ. महसुली दप्तरात याला 'पडीक' म्हणतात आणि आपणही वर्गात तसेच शिकवतो. वास्तविक हे गवताळ रान आहे आणि ससा, खोकड, काळवीट, तणमोर यांचे ते घर आहे. लांडगाही इथलाच. दाट जंगल त्याला मानवत नाही. नाल्याच्या काठच्या बिळात तो पिले घालतो आणि मेंढरांच्या कळपामागे माळ तुडवत फिरतो.

या प्राण्याला शास्त्रीय नाव मिळाले तेही दख्खनमध्येच. मुंबई सरकारच्या सेवेतील विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत हिंडत असे. १८३१ साली त्याने येथील सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. तीत लांडग्याला 'कॅनिस पॅलिपेस' म्हणजे फिकट पायांचा असे नाव दिले होते. साइक्सच्या मते ही स्वतंत्र जात होती. पुढच्या काळात मात्र तिला करड्या लांडग्याची, म्हणजे 'कॅनिस ल्युपस'ची, एक उपजात म्हणून खाली उतरवण्यात आले. अंगाने लहान, केस तोकडे, उष्ण प्रदेशातला असला तरी लांडगा तो लांडगाच, असा विचार त्यामागे होता. बराच काळ हे असेच चालले, कारण कातडी आणि कवट्या मोजून याहून जास्त काही कळत नव्हते.

डीएनएच्या अभ्यासाने हे चित्र बदलले. कसे, ते पाहण्यासाठी अंबाजोगाईला जाऊ. तेथे मुकुंदराजांची समाधी आहे. छापखाने येण्यापूर्वी 'विवेकसिंधु'सारखे ग्रंथ हाताने उतरवून घेत. उतरवणाऱ्याकडून एखादे अक्षर चुकते. त्या प्रतीवरून पुढची प्रत केली की ती चूकही पुढे जाते आणि तिच्यात नव्या चुकीची भर पडते. दोन मठांतल्या पोथ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि चुका मोजल्या, तर त्यांची मूळ प्रत किती पिढ्यांपूर्वी एक होती याचा अंदाज येतो. सामाईक चुका सामाईक पूर्वज दाखवतात, वेगळ्या चुका फाटा फुटल्यानंतरचा काळ दाखवतात. डीएनएच्या चार अक्षरांत होणारी उत्परिवर्तने म्हणजे अशाच नकलेतल्या चुका होत.

प्रथम वाचली गेली ती सर्वांत लहान पोथी. पेशीतल्या तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो. कुत्र्या-लांडग्यांत तो सुमारे १६,७०० अक्षरांचा आहे आणि तो फक्त आईकडून मिळतो. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था यांतील संशोधकांनी २००४ साली भारतातल्या लांडग्यांच्या या डीएनएचा काही भाग वाचून प्रसिद्ध केला. निष्कर्ष अनपेक्षित होता. हिमालयातला लांडगा सुमारे ८ लाख वर्षांपूर्वी आणि द्वीपकल्पातला, म्हणजे आपल्या माळावरचा, सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी इतरांपासून वेगळा झाला असावा असे दिसले. युरोप, उत्तर आशिया आणि अमेरिका येथील बहुतेक सर्व लांडगे मातृवंशाने पाहता गेल्या एक लाख वर्षांच्या आतले भाऊबंद आहेत. आणखी एक गोष्ट. जगातल्या पाळीव कुत्र्यांची मातृवंशाची नाळ या दोन्ही भारतीय शाखांशी जुळत नाही. आपल्या गावातला कुत्रा हा आपल्या माळावरच्या लांडग्यापासून झालेला नाही. तो दुसऱ्याच, उत्तरेकडच्या, बहुधा आता नामशेष झालेल्या लांडग्यांचा वंशज आहे आणि माणसाबरोबर येथे आला. २००७ साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रानेही तंतुकणिकांच्याच डीएनएचा अधिक मोठा भाग वाचून या दोन शाखांचे वेगळेपण दाखवले.

लाखांचे हे आकडे मात्र फार घट्ट धरू नयेत. चुकांचा वेग काय धरला यावर ते अवलंबून असतात. पुढच्या अभ्यासात हीच फारकत २ ते ७ लाख वर्षांच्या दरम्यानची धरलेली आहे. कोण आधी फुटले हा क्रम अशा वेळी वर्षांच्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा असतो.

पण एकाच पोथीवर सगळा इतिहास लिहिणे धोक्याचे. तंतुकणिका आईची गोष्ट सांगतात, बापाची मुळीच नाही. खरे ग्रंथालय पेशीकेंद्रात आहे. लांडग्याच्या ७८ गुणसूत्रांत एका संचात सुमारे २४० कोटी अक्षरे आहेत. आणि इथे एक गुंता होतो. बीजपेशी तयार होताना आईकडून आलेले गुणसूत्र आणि बापाकडून आलेले गुणसूत्र शेजारी येतात आणि तुकड्यांची अदलाबदल करतात. वर्गात आपण याला क्रॉसिंग ओव्हर म्हणून शिकवतो. पोथीच्या भाषेत सांगायचे तर, लेखनिकाने समोर दोन प्रती ठेवल्या, चार ओव्या एकीतून घेतल्या आणि पुढच्या चार दुसरीतून. अशी सरमिसळ पिढ्यानपिढ्या झालेली प्रत कोणत्या मठाची म्हणायची? काही पाने एका घराण्याची साक्ष देणार, काही दुसऱ्या. त्यात शेजारच्या लांडग्यांशी अधूनमधून संकर झाला असेल तर गुंता वाढतोच.

ही अदलाबदल गुणसूत्रावर सर्वत्र सारख्या प्रमाणात होत नाही. काही भागांत ती वारंवार होते, काही भागांत क्वचित. गुंता सुटतो तो या फरकामुळे, आणि मला स्वतःला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत आवडतो. वर्गात तो कागदाच्या पट्ट्यांनी करून दाखवता येईल. २० चौकटींची लाल पट्टी घ्यावी. ही दुसऱ्या वंशातून संकराने आलेली. तिच्या एका चौकटीवर फुली मारावी. फुली म्हणजे या प्राण्याला न मानवणारे जनुक. नियम एकच: ज्या तुकड्यावर फुली असेल तो नैसर्गिक निवडीत बाद. आता अर्ध्या वर्गाने पट्टी दर चार चौकटींनी कापावी, उरलेल्या अर्ध्यांनी अजिबात कापू नये. पहिल्या गटाचे पाचांपैकी चार लाल तुकडे टिकतील. दुसऱ्या गटाची सगळी पट्टी जाईल, कारण निरुपद्रवी चौकटी फुलीपासून सुटू शकल्या नाहीत. म्हणजेच अदलाबदल जेथे जास्त, तेथे परक्या डीएनएच्या खुणा राहतात. जेथे कमी, तेथे त्या पुसल्या जातात आणि मूळची फांदी दिसते.

२०२१ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस येथील केंद्र, भारतीय वन्यजीव संस्था आणि इतर काही संस्था यांच्या संशोधकांनी नेमके हेच केले. चार भारतीय आणि दोन तिबेटी लांडग्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचले आणि ते श्वानकुळातल्या आणखी ३१ जनुकसंचांबरोबर ताडले. अदलाबदल जास्त असलेल्या भागांत शेजाऱ्यांशी झालेल्या संकराच्या खुणा जास्त निघाल्या. अदलाबदल कमी असलेल्या भागांत मात्र जुनी फारकत स्पष्ट दिसली. भारतीय आणि तिबेटी लांडगे एकमेकांहूनही वेगळे, आणि उत्तर गोलार्धभर पसरलेल्या लांडग्यांहूनही वेगळे. भारतीय लांडगा हा आज हयात असलेल्या लांडग्यांच्या अगदी जुन्या शाखांपैकी आहे. साइक्सने दिलेली पायरी त्याला परत द्यावी की नाही यावर वाद होईल. शाखा जुनी आहे यावर आता फारसा वाद नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. हिंदी महासागराच्या तळाशी, सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, तापलेले खनिजयुक्त पाणी ओकणारी विवरे आहेत. तेथे २००१ साली एक गोगलगाय सापडली. तिच्या पायावर खवले असून 'कैरेई' नावाच्या क्षेत्रातल्या गोगलगाईंच्या खवल्यांवर लोहाच्या सल्फाइडचा काळा थर असतो. 'सॉलिटेअर' या दुसऱ्या क्षेत्रात हीच जात पांढरी आहे, लोहाचा थर नाही. दिसायला दोन जाती, डीएनएने एक. उलट नैर्ऋत्य हिंदी महासागरी रांगेवरच्या 'लाँगची' क्षेत्रातल्या गोगलगाई डीएनएने बऱ्याच दुरावलेल्या आढळल्या, कारण इतक्या लांबवर अळ्यांची ये-जा फारच थोडी होते. विवरे ही त्यांची माळराने, मधला अंधारा तळ म्हणजे ओलांडता न येणारा मुलूख. २०१९ साली ही गोगलगाय धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आली, समुद्रतळावरील खाणकामाच्या शक्यतेमुळे. त्याच महासागरात सल्फाइड खनिजांच्या शोधाचा करार भारताने २०१६ साली केलेला आहे आणि त्याचे बरेचसे काम गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. रंगरूपावरून वंश ठरवू नये, हा धडा तेथेही तोच आणि आष्टीच्या माळावरही तोच.

गोगलगाईच्या वाटेत समुद्र आहे. लांडग्याच्या वाटेत ऊस, कालवे, रस्ते, सौर पट्ट्यांची कुंपणे आणि, हे सांगताना जरा संकोच वाटतो, आपली वृक्षारोपणेही आहेत. गवताळ माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प लावले की हिरवे दिसते, पण काळवीट जाते आणि लांडग्याचे बीळ जाते. कळप लहान होत जातात, एकमेकांपासून तुटतात. वयात आलेल्या लांडग्याला जोडीदार मिळत नाही. कुत्रा मात्र सर्वत्र आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातले भटके कुत्रे सुमारे दीड कोटी भरले. भारतीय लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत. म्हणजे एका लांडग्यामागे पाच हजार भटके कुत्रे. दोघांची गुणसूत्रसंख्या सारखीच आहे आणि त्यांची पिले वांझ नसतात.

पुणे जिल्ह्यातल्या माळावर काही निसर्गप्रेमींना असाच वेगळ्या रंगाचा लांडगा कळपात दिसला. त्यांनी नोंदी ठेवल्या, नमुने मिळवले. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात आणि 'अत्री' या संस्थेत त्यांचा जनुकसंच तपासला गेला. त्यात कुत्र्याचा अंश निघाला. २०२३ साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. भारतात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा हा पहिला जनुकीय पुरावा होय.

अशा तपासणीत तंतुकणिकांची लहान पोथी उपयोगाची नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. मादी लांडगा आणि नर कुत्रा असेल तर पिलांच्या तंतुकणिका शंभर टक्के लांडग्याच्याच असणार. केंद्रातला डीएनएच पाहावा लागतो. पहिल्या पिढीत कुत्र्याचा वाटा निम्मा. ते पिलू पुन्हा लांडग्याशी जुळले तर सरासरी पाव, मग अष्टमांश, मग सोळावा हिस्सा. चार-पाच पिढ्यांत डोळ्यांना फरक कळणार नाही. एखादा संकर झाला म्हणून शाखा बुडत नाही. पूर्वीही संकर झालेत आणि त्यांच्या खुणा वर पाहिल्याच. पण तेव्हा लांडगे पुष्कळ होते. लहान कळपात दर पिढीला कुत्रा येऊ लागला तर बाद करण्याचे निवडीचे काम पुरे पडत नाही, आणि लाखो वर्षांची पोथी एकही लांडगा न मारता पुसली जाऊ शकते.

मामांना मी यातले थोडेसे सांगितले. पंचनाम्यात 'लांडगा' लिहावे, कारण एक लांडगा त्यांनी नक्की पाहिला होता, असेही सांगितले. त्यांनी विचारले, "आन् दुसरं?" मग मला तळाच्या पलीकडे नाल्याकडे घेऊन गेले. ओल्या रेतीत ठसे होते, दोन जोड्या, शेजारी शेजारी. एक सरळ रेषेत गेलेली, एक इकडेतिकडे भरकटलेली. जवळच वाळलेली विष्ठा होती, केस आणि हाडाच्या चुऱ्याने भरलेली. तिच्या वरच्या थरात आतड्याच्या पेशी मिळतात आणि त्या पेशींत डीएनए. हातमोजे घालून दोन नमुने घेतले, स्पिरिटच्या बाटल्यांत बंद केले आणि चिठ्ठीवर जातीच्या नावापुढची जागा कोरी ठेवली.