ताऱ्याखालची काजळी

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता. दसऱ्याच्या अंकासाठी शस्त्रपूजनावर काहीतरी हवं, पण तलवारी नकोत. त्या दरवर्षी येतात. बुलढाणा जिल्ह्यात हे अवघडच. सिंदखेडराजा इथलं, जिजाऊंचं माहेर इथलं, त्यामुळे हत्यार म्हटलं की आधी तलवारच आठवते. मग एक बारकासा प्रश्न सुचला. दसऱ्याला पोलीस मुख्यालयांत बंदुका, पिस्तुलं मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात. ते नंतर पुसतं कोण?

पुसणारा घाटाखाली भेटला. बुलढाण्याचे दोन भाग: चिखली-मेहकरकडचा घाटावरचा, आणि अजिंठ्याची रांग उतरली की खामगाव, नांदुरा, शेगावचा घाटाखालचा. उन्हाळ्यात घाट उतरताना तव्याच्या कडेवरून मध्यावर सरकल्यासारखं वाटतं. हे काका पोलीस खात्यात आर्मोरर होते, म्हणजे शस्त्रागारातल्या हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारे. नाव छापू नका म्हणाले. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी तर्जनी आणि अंगठ्याच्या चिरांत काळं आहेच.

"दसरा साऱ्यायचा सण असते, भाऊ. आमचा दुसरा दिवस असे," ते म्हणाले. "हळद, कुंकू, वरून नारळाचं पानी. नारळपानी खारं असते. रातभर राह्यलं की सकाळी लोखंड लाल."

या कामाचा इतिहास आपल्या भाषेत एका शब्दात साठलेला आहे: शिकलगार. अरबी 'सैकल' म्हणजे झिलई, तिला फारसी 'गर' लागला. हत्यारं घासूनपुसून लखलखीत करणं हाच ज्यांचा धंदा, ते शिकलगार. धंदा बुडाला, आडनाव राहिलं. तलवार गेली आणि दारू आली, तेव्हा गंजाच्या जोडीला काजळी आली. जुन्या काळ्या दारूत पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. ती जळली की निम्म्याहून जास्त वजन धूर आणि राख होऊन उरायचं. शेतात रानडुकरं हाकायला ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या आजोबांना हे पाठ होतं: बार काढला की त्याच दिवशी कढत पाण्याने नळी धुवायची. ती राख हवेतलं पाणी ओढते, आणि दोन दिवसांत नळी आतून खरवडल्यासारखी होते. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू केली. ती बहुतेक सगळी वायू होऊन जाते. बहुतेक म्हणजे सगळी नव्हे, आणि काकांची उभी हयात त्या फरकात गेली.

मी गेलो तेव्हा अंगणात एक बागायतदार आपलं रिव्हॉल्व्हर घेऊन आले होते. मालक समोर बसलेले, परवान्याचं पुस्तक टेबलावर. तसं असल्याशिवाय काका दुसऱ्याच्या हत्याराला हात लावत नाहीत. पॉइंट बत्तीसचं, परदेशी, पांढरंशुभ्र स्टेनलेस. आपल्याकडे अडतीस बोअर सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून परवानेवाल्यांकडे बहुधा बत्तीसच. काकांच्या नोकरीतली रिव्हॉल्व्हरं काळी, साध्या पोलादाची. ही चंदेरी जात तशी अलीकडची. स्मिथ अँड वेसनने १९६५ मध्ये पहिलं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं.

काकांनी सिलिंडर बाजूला काढला आणि सहाही भोकांवर करंगळी टेकवून मोठ्याने मोजलं. एक, दोन... सहा. मग मालकांना मोजायला लावलं. मग मलाही. तीन माणसांनी अठरा वेळा रिकामं म्हटल्यावर पुढचं काम.

मालकांची तक्रार साधी होती. सिलिंडरच्या तोंडाशी सहा काळी वलयं उमटली होती, ती त्यांना नको होती. काळ्या हत्यारावर ही वलयं दिसत नाहीत. स्टेनलेसवर शाईच्या शिक्क्यासारखी उठतात. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरता सिलिंडर आणि स्थिर नळी यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. ही फट ०.१ ते ०.२ मिलिमीटर, वहीच्या एक-दोन कागदांएवढी. प्रत्येक बाराला तापलेला वायू तिथून आडवा फुटतो आणि समोरचं तोंड डागतो. पिस्तुलाला ही फटच नसते.

"हे चेहऱ्यावरचं काळं हाय," काका म्हणाले, "यानं काई बिघडत नाही. घासून घासून काढाल, पुढच्या बाराले पुन्हा येईल. अन् घासता घासता फट मोठी होईल, ते येगळंच."

त्यांचं लक्ष मागच्या बाजूला होतं. सिलिंडरच्या मागे मधोमध एक चांदणी असते. दांडा दाबला की ती वर उठते आणि सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर ढकलते. खात्यात तिला कुणी एक्स्ट्रॅक्टर म्हणतं, कुणी स्टार. काका तारा म्हणतात. त्यांनी तारा उचलला आणि खालच्या खोबणीत दाताचा जुना ब्रश फिरवला. कागदावर पडले तिळाहून बारीक, पिवळसर-करडे पाच-सहा कण. न जळलेली दारू.

एवढंसं प्रकरण, पण रिव्हॉल्व्हर अडकतं ते बहुतेक वेळा इथे. दोन कण ताऱ्याखाली दबले की तारा केसभर वर राहतो, काडतुसांची बुडं मागे घासतात, सिलिंडर जड फिरतो किंवा बंदच होत नाही. चाप ओढला तर ओढवत नाही. मालक म्हणतो, यंत्र बिघडलं. यंत्र ठीक असतं. चांदणीखाली चिमूटभर कचरा असतो. उपाय फुकटचा आहे: पुंगळ्या काढताना नळीचं तोंड आभाळाकडे ठेवायचं आणि दांडा झटक्यात दाबायचा. कण पुंगळ्यांबरोबर खाली पडतात, ताऱ्याखाली शिरत नाहीत. मधोमध मोडून उघडणाऱ्या जुन्या वेब्ली धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांत मात्र उघडतानाच भोकं वर होतात आणि कचरा अलगद ताऱ्याखाली. ते उघडलं की लगेच पालथं करायचं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं बत्तीस बोअर याच धाटणीचं.

मी एवढा वेळ त्या खोबणीत पाहत होतो की चहा निवला.

बाकीची सफाई भराभर झाली. आधी पितळी ब्रश, मग चिंधी. चिंधी सुती, जुन्या धोतराची; कापसाच्या मुलखात तिला काय कमी. पहिली काळी, दुसरी करडी, चौथी पांढरी. तेल दोन थेंब. "जास्त तेल म्हंजे धुळीले आवतन." शेवटी साबणाने हात कोपरापर्यंत धुतले, कारण काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात शिसं असतं. भाकरीला हात त्यानंतर.

मग त्यांनी मुठीच्या लाकडी पट्ट्या सोडवल्या आणि मालकांचा चेहरा उतरला. पट्टीखाली, न गंजणाऱ्या त्या पोलादावर, चहाच्या रंगाचे ठिपके होते.

"कोन्या पान्यानं धुतलं?"

"बोअरच्या."

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूरपर्यंत, खारपाणपट्टा पसरला आहे. इथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. स्टेनलेसला वाचवतो तो त्यातला क्रोमियम. किमान साडेदहा टक्के असला की पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा धरतो. मिठातलं क्लोराइड नेमका तो पापुद्रा टोचतं. त्यात रिव्हॉल्व्हरचं स्टेनलेस स्वयंपाकघरातलं नव्हे. पातेल्यात अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असतं. हत्याराला कडकपणा हवा म्हणून त्याचं पोलाद दुसऱ्या जातीचं, क्रोमियम कमी. काकांनी फ्रिजवरचं लोहचुंबक आणून दाखवलं. रिव्हॉल्व्हरला चिकटलं, चहाच्या पातेल्याला नाही. म्हणजे घरातलं पातेलं खिशातल्या रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त निर्मळ. शिवाय मालकांनी काळी वलयं काढायला भांड्यांची तारेची घासणी वापरली होती. तिचे लोखंडी कण पोलादात रुतले होते आणि आता तेच आधी गंजत होते.

मालकांनी आणखी एक कबूल केलं. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा केलं होतं ते चामड्याच्या म्यानासकट. चामडं ओल धरतं, त्यात कमावतानाचे क्षारही असतात. लोकसभा, विधानसभा, मग स्थानिक निवडणुका. हत्यार घरी कमी आणि ठाण्यात जास्त. काकांचा सल्ला: जमा करण्याआधी साफ करा, तेलाचा हात फिरवा, सुती कापडात गुंडाळा, म्यान घरी ठेवा. ठाण्यात ते पुसायला कुणी मोकळं नसतं.

मालक गेल्यावर मी विचारलं, कधी साफ न करता सोडलंत? एवढा वेळ हसतबोलत असलेले काका गप्प झाले.

जप्त केलेलं हत्यार साफ करायचं नसतं. मुद्देमालाच्या नळीतली काजळी हा पुरावा. प्रयोगशाळा त्यावरूनच बार झाला होता का ते पाहते. शिसं, बेरियम, अँटिमनी, सगळं त्या काळ्यात. आर्मोररने फक्त पाहायचं, हत्यार चालू स्थितीत आहे की नाही तसा अहवाल लिहायचा आणि परत सील होऊ द्यायचं. "हात शिवशिवे, भाऊ. चिंधी खिशातच असे. पन नाही."

सातपुड्याकडून आलेल्या एका गावठी कट्ट्याबद्दल त्यांनी असाच अहवाल दिला होता. खटला उभा राहिला तो कितीतरी वर्षांनी. साक्षीला बोलावणं आलं. कोर्टात कापडाची शिवण उसवली आणि आतून निघालं गंजाचं एक ढेकूळ. खटका जागचा हलेना. बचाव पक्षाच्या वकिलांनी ते हातात घेऊन उंच धरलं आणि विचारलं, हे चालू स्थितीत आहे म्हणता?

"मी म्हनलं, तवा होतं."

"मग आता का नाही?"

काकांनी न्यायाधीशांकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं: साफ करायची मनाई होती.

गॅलरीत कुणीतरी हसलं. पुढे त्या खटल्याचं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. अंगणातल्या कागदावर ते पाच-सहा कण तसेच होते. काकांनी कागदाची घडी घालून ती चुलीपासून लांब, पाण्याच्या बादलीत टाकली आणि ब्रश झटकून खिळ्याला अडकवला.