एका दुरुस्तीला लागलेली अकरा वर्षं

ऑक्टोबर 2016मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, एक छोटासा बदल दाखल झाला. करणारा खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स. सोबतच्या नोंदीत त्याने आडपडदा न ठेवता लिहिलं की हा बग जुनाच आहे. अकरा वर्षांपूर्वी आपणच तो दुरुस्त करायला गेलो होतो आणि ते काम धड झालं नव्हतं. ‘डर्टी काउ’ या नावाने गाजलेली चूक ती हीच. यातलं ‘काउ’ म्हणजे ‘कॉपी-ऑन-राइट’ची आद्याक्षरं. गाईचा काही संबंध नाही, तरी बोधचिन्हावर गाय आलीच.

कॉपी-ऑन-राइट ही मुळात काटकसर. एकच फाइल चार प्रोग्रॅमना वाचायची असेल तर मेमरीत चार प्रती कशाला? एकच ठेवायची. कुणाला आपल्यापुरता बदल करायचा झाला, की तेवढ्या पानाची (हे पान सहसा 4 केबीचं) खासगी प्रत काढून द्यायची. तलाठ्याच्या दप्तरातला मूळ सातबारा तसाच राहतो, तुम्हाला काय गिरगटायचं ते झेरॉक्सवर गिरगटा.

प्रोग्रॅमच्या वतीने कर्नल स्वतः त्याच्या मेमरीत लिहायला जातो, तिथे घोटाळा होता. डिबगरसाठी ही सोय लागतेच. पान ‘फक्त वाचा’ अशा खुणेचं दिसलं, की कर्नल त्याची प्रत काढतो. पण त्या प्रतीवरही तीच खूण असते. ‘लिहायचंय’ म्हणत पुन्हा गेलं तर पुन्हा नकार, आणि ही फेरी संपायचीच नाही. म्हणून युक्ती केली होती: प्रत निघाली की ‘लिहायचंय’ हा फ्लॅगच काढून टाकायचा, नुसतं वाचायला आल्यासारखं पान मागायचं आणि मिळालं की त्यावर लिहायचं. मिळणार ती प्रतच, हे गृहीत.

प्रत निघणं आणि पान परत मागणं यांच्या मधल्या क्षणात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड कर्नलला सांगतो, ‘हे पान मला नको.’ प्रत जाते. कर्नल परत येतो, तर हातात फ्लॅग नाही. त्यामुळे नवी प्रत निघत नाही, मूळ पान समोर येतं आणि लिहिणं थेट त्यावर होतं. दोन थ्रेड एकमेकांविरुद्ध हजारो वेळा पळवले की कधीतरी वेळ जुळतेच. मग साध्या वापरकर्त्याला रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, मालकीची फाइल बदलता येते आणि अख्खं मशीन त्याच्या ताब्यात जातं.

2005मध्ये टोरवाल्ड्सने केलेली दुरुस्ती खरं तर योग्य दिशेची होती. पानावर ‘डर्टी’, म्हणजे लिहिलं गेल्याची, खूण आहे का, हे तो तपासत होता. पण आयबीएमच्या एस-390 मेनफ्रेमवर ही खूण पेज टेबलमध्ये नसतेच, ती प्रत्यक्ष मेमरीच्या पानाशी जोडलेली असते. तिथे अडचण आली आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. तशी शर्यत प्रत्यक्षात लागणं तेव्हा कागदावरचंच वाटत होतं. पुढे कर्नलच्या 3.9 आवृत्तीत एस-390ची अडचण मिटली, पण त्या जुन्या जागी परत कुणी फिरकलं नाही. मागे घेण्यात चूक नव्हती; चूक ही विसरण्याची. दरम्यान कर्नलचं मेमरी व्यवस्थापन सुधारलं, एकाच वेळी अधिक कामं होऊ लागली आणि कागदावरची शर्यत सहज जिंकता येऊ लागली. ही चूक उघडकीला आणणारा फिल ओस्टर आपल्या सर्व्हरवर येणारी वेब रहदारी साठवून ठेवत असे. त्यात त्याला हल्ल्याचा प्रोग्रॅमच सापडला. म्हणजे चोरांना हे आधीच ठाऊक होतं!

नव्या दुरुस्तीत फ्लॅग काढणं बंद झालं. ‘प्रत काढली’ अशी वेगळी नोंद ठेवून वर डर्टी खूणही तपासली जाऊ लागली. हाच नियम पुढे मोठ्या, 2 एमबीच्या पानांना लावला गेला. तिथे मात्र नुसत्या वाचनानेही ती खूण लागू शकत होती, हे 2017मध्ये उघड झालं. 2022मध्ये ‘टीएमपीएफएस’मधल्या, म्हणजे मेमरीतच ठेवलेल्या, फाइलींच्या बाबतीत पुन्हा तोच प्रकार. शेवटी डेव्हिड हिल्डनब्रँडने ती वेगळी नोंदच काढून टाकली. आता कर्नल खुणेवरून अंदाज बांधत नाही. हे पान या प्रोग्रॅमचं एकट्याचं आहे का, हेच तपासतो. हा प्रश्न आधीच विचारायला हवा होता, असं आज म्हणणं सोपं आहे. पण पान एकट्याचं असल्याची भरवशाची नोंद कर्नलमध्ये आली तीच 2022मध्ये.

अँड्रॉइडही याच कर्नलवर चालतं. ‘झेडएनआययू’ नावाच्या मालवेअरने 2017मध्ये डर्टी काउचाच वापर केला आणि त्याचे बहुतेक बळी चीन आणि भारतातले होते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी पॅच’ची तारीख दिसते. कपाटातल्या जुन्या फोनवर ती डिसेंबर 2016च्या आधीची असेल, तर त्यावर यूपीआय चालवू नका आणि मुलांना खेळायला देण्याआधी सिमकार्ड काढून घ्या.